येडशीच्या नर्सबाईंचा राग

बाकीच्या माणसांना राग येतो आणि निघून जातो. येडशीच्या नर्सबाईंकडं तो कायमचा राहायला आला होता. उभ्या धाराशिव जिल्ह्यात त्यांच्याइतकं नेमानं आणि मन लावून चिडणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. भूम आणि परंडा तालुक्यांतल्या खेड्यांत त्यांनी सरकारी नर्स म्हणून सगळी हयात घालवली. तिकडची निम्मी तरणी पिढी त्यांच्याच हातात पहिल्यांदा रडली, आणि बाईंचं म्हणणं असं की त्यातली कैक पोरं त्यांनी दम दिल्यावरच रडली. एकदा एक पुढारी पोट धरून दवाखान्यात आला आणि रांगेतल्या बाळंतीणबाईच्या पुढं घुसला. बाई म्हणाल्या, "तिच्यापेक्षा जास्त दुखतंय का? न्हाय? मग तिच्या मागं." निवृत्त होऊन त्या येडशीला घर बांधून राहिल्या तेव्हा तरी तोफ थंडावेल, अशी शेजाऱ्यांना आशा होती. पण रामलिंगच्या रानातली माकडं पत्र्यावर उड्या मारायची, आणि बाई अंगणात उभ्या राहून त्यांना असं काही फैलावर घ्यायच्या की माकडं एकेक करून शेजारच्या घरावर जायची. कुठल्याशा स्टेशनवर गाडीला उशीर झाला आणि भोंग्यातून 'असुविधेबद्दल खेद आहे' असं ऐकू आलं, तर या थेट मास्तरांच्या खोलीत. "कुणाला झालाय खेद? माणूस दाखवा. मला तर हितं कुणाच्याच तोंडावर दिसंना." मास्तर बिचारे खुर्चीतून उठले, चेहरा पाडून उभे राहिले, तेव्हा कुठं बाई बाहेर आल्या.

माझी त्यांची ओळखही अशीच, रागातून झाली. माझा शाळासोबती प्रशांत बरीच वर्षं पुण्यात नोकरी करून परत आला आणि त्यानं धाराशिवला 'घरचं माणूस' नावाची कंपनी काढली. कल्पना चांगली होती, आजही आहे. पोरं पुण्या-मुंबईला, आईबाप गावाकडं. पोरांनी मोबाइलवर नाव नोंदवायचं, आणि आमची मुलगी स्कुटीवरून आठवड्यातून दोनदा त्यांच्या आईबापाकडं जाणार; गोळ्या वारानुसार डबीत लावून देणार, शुगर तपासणार, गॅसचा नंबर लावणार, चार शब्द बोलणार. या मुलींना आम्ही 'सोबती' म्हणायचो आणि त्यांच्यावर देखरेख माझी. प्रत्येक भेट पंचवीस मिनिटांची. निघताना म्हाताऱ्या माणसाबरोबर हसरा फोटो. तो फोटो पाहून पोरानं पुण्यात बसून पाचापैकी चांदण्या द्यायच्या. चांदण्या कमी पडल्या की मुलीच्या नावापुढं लाल खूण. हे सगळं मोबाइलमधलं यंत्रच मोजायचं. माझं काम फक्त खुणा बघायचं, आणि ते मला फार जबाबदारीचं वाटायचं, हे आज लिहिताना माझाच मला राग येतो.

बाईंच्या मुलानं पुण्याहून त्यांचं नाव नोंदवलं होतं. पहिल्याच महिन्यात त्यांचा फोन आला.

"तुमची पोरगी आली न्हाय आज."

मी समोरच्या पडद्यावर बघितलं. "आली होती, बाई. भेट पूर्ण झाल्याचं सिस्टिममध्ये दिसतंय."

"आसं? मग च्या मी सिस्टिमला पाजला व्हय? कपबशी तर कोरडी हाय."

झालं असं होतं की मुलीची स्कुटी वाटेत पंक्चर झाली आणि लाल खूण टाळायला तिनं रस्त्यावरूनच 'पूर्ण'चं बटण दाबलं होतं. मी बाईंना म्हणालो की तिच्यावर कारवाई करतो. यावर पलीकडून जो आवाज आला त्यानं मी फोन कानापासून हातभर लांब धरला. "तिच्यावर? ती उन्हात टायर ढकलत गेली आन कारवाई तिच्यावर? पंक्चर झालं म्हनून सांगायला तिला भ्या का वाटलं, ते आधी शोध! कारवाई तुझ्यावर करायला पायजे!"

त्या दिवसापासून आठवड्याला एक तक्रार ठरलेली. आमचं मोबाइलवरचं उत्तर 'प्रिय ग्राहक' असं सुरू व्हायचं, तर बाईंची तक्रार, "मला प्रिय म्हनणारा ह्यो कोण?" वाढदिवसाला आम्ही केकचं चित्र पाठवलं, तर तक्रार, "मला शुगर हाय हे तुमच्या पोरीला ठावं हाय, तुमाला कसं न्हाय?" ऑफिसात त्यांचा नंबर दिसला की सगळे माझ्याकडं बघायचे. प्रशांत म्हणायचा, "त्रासदायक गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे." माझ्या मात्र हळूहळू एक गोष्ट ध्यानात यायला लागली. एवढ्या तक्रारींत एकही तक्रार त्यांच्याकडं जाणाऱ्या मुलीविरुद्ध नव्हती.

ती मुलगी म्हणजे सुरेखा. येडशीच्या आसपासची वस्त्या-गावं तिच्याकडं होती. नवऱ्याचा पाय अधू, घरी लहान लेक, आणि ही रोज सकाळी डोक्याला ओढणी गुंडाळून सात-आठ घरं करायची. बाई तिच्यावरही चिडायच्याच. "ही तोंडाची दशा बघ! भाकरी खा आधी, मग माझी शुगर बघ. तुझीच बघायची पाळी आली हाय." पंचवीस मिनिटांतली दहा मिनिटं त्या तिला खायला घालण्यात घालवायच्या आणि ती नको म्हणाली की पुन्हा चिडायच्या.

मग मे महिन्यात ते झालं. येडशीच्या पलीकडं एका वस्तीवर एक म्हातारे दादा एकटे राहायचे. सुरेखा गेली तेव्हा ते बाजेवर घामानं निथळत होते, बोलणं असंबद्ध, तिलाच आपली मेलेली बहीण समजून हाका मारत होते. तिनं शुगर तपासली. फारच खाली गेली होती. तिनं साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं, शेजारच्या शेतातून माणूस बोलावला, जीप मिळेपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि दवाखान्यापर्यंत सोबत गेली. तोवर खिशातला मोबाइल दर पाच मिनिटांनी 'वेळ संपली, वेळ संपली' म्हणून बोंबलत होता. तिनं तो बंद करून टाकला. पुढची चार घरं राहिली. संध्याकाळी तिनं मोबाइल चालू केला तेव्हा यंत्रानं तिच्या नावापुढं चार लाल खुणा लावल्या होत्या आणि पाचवी लागली होती खुद्द त्या दादांच्या मुलाकडून, कारण त्या दिवशी त्याला हसरा फोटो मिळाला नव्हता.

एका दिवसात तीनपेक्षा जास्त खुणा झाल्या की काम बंद, असा नियम. यंत्रानं मला विचारलं, 'काम थांबवायचं?' खाली दोन बटणं. कारण काय, हे सुरेखाला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी चहा पीत होतो. चहा पीत पीत 'होय' दाबलं. तिला मेसेज गेला की आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात 'आनंदी कर्मचारी दिवस' होता. प्रशांतनं कुठंतरी वाचलं होतं की कर्मचारी खूश तर गिऱ्हाईक खूश. म्हणून पुण्याहून एक शिकवणारा बोलावला होता, भिंतीला फुगे लावले होते आणि आमच्या सगळ्या सोबती गोल उभ्या होत्या. शिकवणारा सांगत होता की हात वर करा आणि पोटातून हसा. मुली हसत होत्या. त्यातल्या प्रत्येकीला सुरेखाची बातमी कळलेली होती. तरी हसत होत्या; मी 'एक, दोन, तीन' मोजून त्यांना हसवत होतो.

जिन्यावर पावलं वाजली आणि नर्सबाई आत आल्या. येडशीहून एसटीनं आल्या होत्या, हातात पिशवी. त्यांनी फुग्यांकडं पाहिलं, शिकवणाऱ्याकडं पाहिलं. तो हसतमुखानं म्हणाला, "या काकू, तुम्हीपण या गोलात."

"कशाला हसायलाव?" बाईंनी विचारलं.

"मन हलकं होतं. उत्साह वाढतो."

बाईंनी जवळच्या मुलीची हनुवटी धरली, अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि त्या माणसाला म्हणाल्या, "हिकडं ये. बघ. काय रंग दिसतोय?"

"पांढरट," तो गडबडून म्हणाला.

"रगत न्हाय पोरीत. आन तू तिला पोटातून हसायला लावतोयस. पोटात काय हाय ते इचारलंस का?" पिशवीतून त्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि तिथंच एकेकीला खुर्चीत घेतलं. कुणाचा दाब खाली, कुणाची जीभ कोरडी, कुणाला महिन्याभरापासून लघवीला जळजळ. मुलींनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. बाईंना दोन मिनिटांत सांगितलं. शेवटी त्यांनी शिकवणाऱ्यालाही खुर्चीत बसवलं. त्याचा दाब मात्र वर चढला होता. "तू बी गोळी सुरू कर," त्या म्हणाल्या. त्यानं त्यांचे आभार मानले आणि दुपारच्या गाडीनं तो पुण्याला गेला.

प्रशांत आतल्या खोलीतून बाहेर आला. तो चिडला होता, पण आवाज कंपनीचा ठेवून म्हणाला, "काकू, तुमच्या भावना समजतात. पण खरं सांगायचं तर आमचे ग्राहक तुम्ही नाही, तुमचा मुलगा आहे. तो समाधानी आहे. त्याच्या चांदण्या पाच आहेत."

 बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची खरी भीती वाटली.

"मग तुझी पोरगी ज्याला गोळ्या देती, त्यो कोण? पार्सल?"

 बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "सुरेखाला कुणी काढलं?"

यंत्रानं, असं सांगायची सोय होती. नियमानं, असंही सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "मी."

"ती काल कुठं होती, ठावं हाय?" आणि त्यांनी उभ्या उभ्या दादांची सगळी हकीकत सांगितली. दवाखान्यातली परिचारिका त्यांच्या ओळखीची, तिच्याकडून त्यांना सकाळीच कळली होती, आणि कामावरून काढल्याचं सुरेखाकडून. मग त्या मला म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला कंपनीच्या स्कुटीवर माझ्या दारात ये. तिची घरं तू करायची. मी मागं बसणार."

मी गेलो. चाळिशीचा, पोट सुटलेला मी त्या छोट्या स्कुटीवर, मागं नर्सबाई, आणि वर मे महिन्याचं ऊन. पहिल्या घरी आजींना चष्मा सापडेना, तो शोधण्यातच पंधरा मिनिटं गेली. दुसऱ्या घरी आजोबा गोळ्या घ्यायला तयार नव्हते. सुरेखा का आली नाही एवढंच विचारत होते. तिसऱ्या घरी फोटो काढताना आजीनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "रोज रोज कशाला काढतावं? मी काय हरवल्याली हाय व्हय?" खिशात मोबाइल बोंबलत होता. बाई मागून खांद्यावर बोट टोचायच्या, "हं, आता काय म्हनतंय तुझं यंत्र?" दुपारी बाराला मी एका लिंबाच्या आडोशाला वळलो, तर त्यांनी दरडावून विचारलं, "कुठं?" मी लाजत करंगळी दाखवली.

"तू पुरुष हायस. तू कुठंबी हुबा राहशील. सुरेखा काय करत आसंल? सकाळपास्नं घोटभर पाणी पीत न्हाय ती, का म्हनून कधी इचारलंस?"

मी लिंबाखाली तसाच उभा राहिलो. आमच्या ऑफिसात सोबतींचा आनंद मोजायचा तक्ता होता, रंगीत, दर महिन्याला मीच भरायचो. त्या तक्त्याचा, त्यातल्या रंगांचा, पुण्यातल्या चांदण्यांचा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्यावरही चिडल्या. "रडू नगं. रडून घाम कमी होत न्हाय. चल, तीन घरं ऱ्हायलीत."

त्या संध्याकाळी मी आणि प्रशांत जन्मात भांडलो नव्हतो असे भांडलो. तो म्हणाला, कंपनी रागावर चालत नाही. मी म्हणालो, लाजेवर चालव मग. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्या दादांचा मुलगा पुण्याहून आला. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की अर्धा तास उशीर झाला असता तर वडील हाती लागले नसते. सुरेखाचे आभार मानायला तो पेढे घेऊन आमच्या ऑफिसात उभा होता. त्याच्या वाईट चांदणीचीही खूण तिच्या नावापुढं होती, हे प्रशांतनं त्याला सांगितलं. तो खाली बसला. पेढ्यांचा पुडा कुणी उघडलाच नाही.

प्रशांत आणि मी त्याच दुपारी सुरेखाच्या घरी गेलो. तिनं चहा केला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, मला मेसेजनं काढलंत. बोलावून काढलं असतं, तर आज बोलावल्यावर आले असते." ती गावातच शिवणकामाला लागली होती. ती आलीच नाही. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता माझी सालटी निघणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "शाबास पोरगी." आणि वळून प्रशांतला म्हणाल्या, "आता उरलेल्या तरी राख."

प्रशांत मुळात वाईट नव्हता. आकडे बघून बघून त्याची नजर वर उचलायची राहून गेली होती. त्यानं बाईंनाच नोकरीवर या म्हणून विनवलं. त्यांनी अटी घातल्या त्या भांडणासारख्या. वेळेचा भोंगा बंद. फोटो बंद. सेवा कशी वाटली हे मुलाला नाही, म्हाताऱ्यांनाच विचारायचं, तेही माणसानं फोन करून. दर दोन-तीन गावांमागं एक घर असं ठरवायचं, जिथं सोबती हक्कानं पाणी पितील, हातपाय धुतील, घटकाभर टेकतील. ही घरं बाईंनीच मिळवली. भूम-परंड्याकडं तर एका हाकेवर, कारण तिथल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्यांच्या शिव्या खाऊन जन्मलं होतं. आणि शेवटची अट, कुणालाही काढायचं तर समोर बसवून, डोळ्यांत बघून काढायचं. ती अट लागू झाल्यापासून आम्ही फारच थोड्यांना काढू शकलो.

तक्रारींचा फोन त्यांच्याकडं आला आणि आमच्या गिऱ्हाइकांवर आभाळ कोसळलं. एका मुलानं मुंबईहून तक्रार केली की सोबती दहा मिनिटं उशिरा पोचली. बाई म्हणाल्या, "ती धा मिनटं उशिरा आली. तू कवा येणार हायस? दिवाळीला म्हनलावतास. कुठली दिवाळी?" त्यानं रागानं नाव काढून घेतलं. तीन दिवसांनी पुन्हा नोंदवलं, आणि पुढच्या रविवारी बायकोपोरांसह गावी हजर झाला. नव्या मुलीला कामावर घेताना बाई स्वतःच हट्टी म्हातारी होऊन खुर्चीत बसायच्या आणि गोळ्या फेकून द्यायच्या. जी मुलगी गोळ्या उचलून हसायची ती नापास. जी म्हणायची, "आजी, फेकू नका, मला परत मोजाव्या लागतील," ती पास. "खोटी गोड नगं," त्या म्हणायच्या. "चिडली तरी चालंल, पण परत आली पायजे." चिडायला परवानगी असलेलं ते जिल्ह्यातलं एकमेव ऑफिस असावं. मुली एकमेकींवर, माझ्यावर, प्रशांतवर मोकळेपणानं चिडायला लागल्या, आणि सोडून जायच्या थांबल्या. आमच्याकडं कुणी काही मोजायला आलं असतं तर त्याला हे कुठल्या रकान्यात लिहावं, कळलं नसतं.

जेमतेम दोन वर्षं त्या होत्या. मग गुडघे गेले, एका डोळ्याला दिसेनासं झालं. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. जाताना त्या प्रत्येकावर काही ना काही निमित्त काढून चिडल्या. माझ्यावर चिडल्या त्या शर्टाचं बटण तुटलं होतं म्हणून. गाडी हमरस्त्याला लागली तरी काचेतून त्यांचं बोट माझ्या शर्टाकडं रोखलेलं दिसत होतं.

परवा मी त्यांना फोन केला. मुलगा-सून कामावर गेलेले होते. पुण्यात सातव्या मजल्यावर राहतात त्या आता. त्यांनी एकेका घराची चौकशी केली. ते वस्तीवरचे दादा अजून आहेत का? आहेत म्हणालो. सुरेखाची लेक? शाळेत पहिली आली म्हणालो. मग मी विचारलं, "तुमच्याकडं कोण येतं का, बाई?"

"येती की. एका कंपनीची पोरगी. दोन तास आसती. गोळ्या चुकीच्या डबीत लावती, ती गेली की मी चाचपून परत लावते."

"मग तुम्ही तक्रार नाही केली?"

 "न्हाय रं," त्या म्हणाल्या. "नवी हाय ती. हितं मला कोण वळखतं? मी बोलले तर माझं ऐकून घेणार न्हायत, नुसती तिला काढतील. शिकंल हळूहळू."

 त्यांच्या वाटचं मीच चिडावं असं वाटलं, पण कुणावर, ते कळेना. तेवढ्यात पलीकडं दारावरची घंटी वाजली. "आली बग. ठेव आता," बाई म्हणाल्या. फोन ठेवायला त्यांना जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात त्यांचा आवाज ऐकू आला, इतका हळू की त्यांचा वाटू नये: "ये गं. दमली आसशील. टेक जरा."